साळुंखेबाईंचं दुपारचं जेवण

साळुंखेबाईंनी ऑफिसात कधी डबा आणला नाही. मी कोपरखैरण्याच्या त्या ऑफिसात रुजू झाले, त्याच दिवशी त्यांनी माझा डबा परस्पर शिपायाला देऊन टाकला आणि मला जेवायला बाहेर काढलं. कोपऱ्यावरच्या हॉटेलात शिरून त्या थेट आचाऱ्यापाशी गेल्या आणि तू स्वतः कुठं जेवतोस, असं त्याला विचारलं. तो मल्याळी होता. त्याने मागच्या गल्लीतली जिन्याखालची मेस सांगितली, आणि तिथला जाडा तांबडा भात नि माशाचं कालवण खाऊन मी माझा डबा विसरले.

"रांधणाऱ्यालाच इचारावं. पाटीवर कुनीबी कायबी लिवतंय," त्या म्हणत. साताऱ्याहून येऊन निम्मा जन्म इथं गेला तरी त्यांची बोली तिकडचीच होती. त्यांच्यामुळे आम्हाला बंगाल्याची थाळी कळली, एका गुजराती आजींची खिचडी-कढी कळली.

फसल्या त्या एकदाच. बोनकोड्याच्या गल्लीत मांडव दिसला, पंगत बसलेली, वालाच्या बिरड्याचा वास. नवी खानावळ समजून बाई जाऊन बसल्या, मागोमाग मी. पोटभर जेवून झाल्यावर त्यांनी थाळीचे किती झाले म्हणून विचारलं, तशी वाढणारी आगरी बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"पैसं कनाचं? आमचे पोराची हलद हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी शांतपणे हात धुतले, दुसऱ्या दिवशी नवरदेवाला टॉवेल-टोपीचा आहेर घेऊन गेल्या आणि वर लग्नालाही जाऊन आल्या.

बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्यात. निवृत्तीच्या दिवशी सगळे शालीचे फोटो काढत होते आणि बाई एकेकाला उद्या एक वाजता कुठे असणार, एवढंच विचारत होत्या. आम्ही ते थट्टेवारी नेलं. दुसऱ्या दिवशी एक वाजता त्या घणसोलीच्या घरून येऊन ऑफिसच्या गेटपाशी उभ्या होत्या.

मुलगा पुण्याला बोलावतोय तर जात का नाही, असं मी विचारलं. तिथं सकाळी सगळी कामावर जातात, म्हणाल्या. "येकटीला रातचं जेवान जातंय गं. दुपारचं न्हाई जात. गावाकडं समदी बांधावर बसून खायचो."

मग हे रोजचंच झालं. एक वाजला की त्या गेटपाशी, आणि आमच्यापैकी कुणीतरी बरोबर. आपण फार मोठं काही करतोय असं मला मनातून वाटायला लागलं होतं. एकदा जेवताना सहज विचारलं, बाई, रविवारी दुपारी काय करता?

"च्या पिते," त्या म्हणाल्या आणि भात कालवायला लागल्या.

आता रविवारी त्या आमच्याकडे असतात. स्वयंपाक मी करते. आमटीत मीठ कमी पडलं तर माझ्या सासूबाईंसमोर स्पष्ट सांगतात, आणि दुसऱ्यांदा भात मागून घेतात.