राखेवरचं पोतं

निजामाचं राज्य होतं तेव्हा मी सेनगावजवळच्या एका शाळेत मास्तर होतो. आमचं कुत्रं म्हातारं झालं आणि झोपेतच मुतू लागलं. ओसरी धुऊन धुऊन बायको थकली. मी त्याचं पाणी तोडलं, तरी ओसरी ओली व्हायचीच. शेवटी शाळेच्या वाटेवरच्या तांड्यात त्याला सोडायला निघालो.

तिथं झोपडीपुढं एक म्हातारा बसला होता. त्याचंही कुत्रं थकलेलं, चुलीच्या राखेवर अंथरलेल्या पोत्यावर निजलेलं. म्हाताऱ्यानं ओली राख ओढून काढली, कोरडी पसरली, पोतं बदललं आणि कोमट पाण्याच्या फडक्यानं कुत्र्याच्या मांड्या पुसल्या. कपाळाला आठी नव्हती.

आमच्या कुत्र्याची कोरडी पडलेली जीभ पाहून त्यानं पाणी पुढं ठेवलं. ते किती तरी वेळ पीतच राहिलं.

"पाणी काहून तोडलं, मास्तर?"

"मुततं म्हणून."

"मंग तुमी बी पिऊ नका. म्हातारपण तुमाला बी येऊन राहिलं."

मी कसंनुसं हसलो.

"घरी नेता का इथंच ठिवता?"

"ठेवा," मी म्हणालो.

पुढं कित्येक महिने मी रोज तिथून जात होतो. मला पाहिलं की आमचं कुत्रं उठायची धडपड करी. म्हातारा त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला परत निजवी आणि मला म्हणे, "जा मास्तर, शाळेला उशीर होईल."

आणि मी जात असे.