एक नंबरचा घोळ

कळमन्याच्या शीतगृहात मी एक नंबर भलत्याच यंत्राला दिला. विजेची मागणी मर्यादेबाहेर जाऊ लागली की एकेक यंत्र आपोआप बंद करणारा कंट्रोलर मी बसवत होतो. एक नंबर म्हणजे सगळ्यांत महत्त्वाचा, असं समजून तो संत्र्यांच्या कूलिंगला दिला आणि शेवटचा ऑफिसातल्या कूलरला. कंट्रोलरच्या लेखी मात्र एक म्हणजे सगळ्यांत आधी बंद! भर उन्हाळ्यात मी कूलरसमोर डुलक्या घेतोय, तोच संत्र्यांचा उबट वास आला आणि मागोमाग म्हातारे मुकादम. "काहून जी साहेब, माल तापून राह्यला अन् तुम्ही गार होऊन राह्यले?" चूक कबूल करत मी घाईघाईने नंबर उलटे केले. माल वाचला. पण आजही संत्रं सोललं की मुकादम ऐकू येतात: "सगळ्यात पहिले बंद कराचं होतं, तं एक नंबर तुमालेच द्याचा ना!"