गळा शेवटी

आमच्या बबिताअक्काला नुसतं बसता येत नाही. आई म्हणायची, हिच्या बुडाखाली विंचू हाय. लग्न होऊन चौसाळ्याला गेली, तरी तो विंचू सोबत गेला. विहारात ध्यानाला बसलो की सगळ्यांआधी हिचे डोळे उघडणार आणि माझ्या पदराचा निघालेला दोरा ही दातानं तोडणार.

हातात कात्री असली की मात्र ती शांत व्हायची. अर्ध्या चौसाळ्याचे ब्लाउज तिनं कापलेत. तिची रीत ठरलेली: आधी बाहेरची कड, मग बाह्यांचे मुंढे, आणि गळा सगळ्यात शेवटी. "गळा एकदा उघडला की मिटत न्हाई," असं शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोरीला ती सांगायची, आणि वर टपलीही द्यायची.

या एप्रिलात जयंतीच्या पांढऱ्या ब्लाउजांचा ढीग पुढ्यात असताना तिच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मग बोटांत कात्रीच राहीना. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, कात्री बंद. अक्का घरी बसली. म्हणजे बसली कुठली, धुतलेली भांडी पुन्हा धुवायची, घडी घातलेले कपडे मोडून पुन्हा घडी घालायची आणि मला फोन करायची. "चैते, अशीच ऱ्हायले तर येडी होईन मी."

संजय अक्काच्याच गल्लीतला. हायवेला त्याचं पाट्यांचं आणि ट्रॉफ्यांचं दुकान आहे. त्यानं नवीन लेझर कटिंगची मशीन आणली होती आणि तो पाट्या बसवायला बाहेर गेला की मशीनपाशी कुणीतरी हवं होतं. त्यानं अक्काला बोलावलं. मी शाळेत शिकवते; सुट्टी लागली म्हणून अक्काकडं आले होते, मीही सोबत गेले.

"सोपं हाय, अक्का. नक्षी कम्प्युटरवर लावायची, झाकण पाडायचं, बटण दाबायचं. किरण कापतंय."

"आन मी काय करू?"

"बघत बसायचं. ॲक्रिलिक पेटू शकतंय, म्हणून उठायचं न्हाई. आन मधी हात घालायचा न्हाई."

नेमकं हिच्याकडं नव्हतं तेच त्यानं मागितलं. पहिल्या दिवशी चावीला लावायची साधी पट्टी कापायची होती, तर अक्कानं "बरं चाललंय का" म्हणून इतक्यांदा झाकण उघडलं की मशीन दर वेळी बंद पडून पट्टीच्या कडेला दाते पडले. संजयचं तोंड उतरलं. घरी येताना अक्का म्हणाली, "हे न्हाई जमलं तर मला घरीच बसावं लागंल, चैते." तिचा खचलेला आवाज मला आवडला नाही.

तेवढ्यात बुद्ध पौर्णिमा आली. विहारात मूर्तीमागं लावायला चोवीस आऱ्यांचं मोठं चक्र हवं होतं. महिला मंडळाच्या मुक्ताबाई पांढऱ्या ॲक्रिलिकची लांब शीट घेऊन स्वतः दुकानात आल्या. "बबितानंच कापावं," म्हणाल्या. "एकच शीट हाय, बरं का." संजयनं मान हलवली. हेही बिघडलं तर अक्काला घरी बसवायचं, हे त्याच्या मनातलं आम्हा दोघींना कळलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्यानं सगळं लावून दिलं. "फक्त बटण दाब," म्हणाला आणि एक पाटी बसवायला गेला.

अक्का पडद्याकडं बघत राहिली. तिथं क्रम दिसत होता: आधी आऱ्यांमधल्या फटी, शेवटी बाहेरचा गोल.

"आदी पोट, मग कड? ह्याला कुनी शिकवलं?" संजयचं बघून शिकली होती, तसा तिनं क्रम उलटा केला. "आन हे मधोमध कशाला ठेवलंय? असं करून माल वाया जातो." चक्र सरकवून तिनं शीटच्या एका टोकाला नेलं.

"अक्का, संजयला फोन कर."

"तू फळ्यावर लिव्हतीस, मी कापते."

बटण दाबलं. बाहेरचा गोल सुरेख कापला गेला आणि सुटला. सुटला तसा खालच्या लोखंडी पट्ट्यांवर कलंडला. किरण मात्र आपल्या जागीच फिरत राहिला आणि त्यानं आरेच आडवे छाटायला सुरुवात केली. अक्कानं झाकण उचललं तोवर चक्राचा चुरा झाला होता.

संजय आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "कापड टेबलावर पडून ऱ्हातंय, अक्का. हे सुटलं की हलतंय. म्हणून कड शेवटी."

अक्कानं वाद घातला नाही. मी पहिल्यांदाच तिला घाबरलेली पाहिली. मग तिनं उरलेल्या शीटवर टेप धरला. एका टोकाला कापल्यामुळं दुसरीकडं लांब तुकडा शिल्लक होता. जरा लहान चक्र त्यात बसत होतं.

"मीच लावते," ती म्हणाली. "आदी पोट."

बटण दाबून ती स्टुलावर बसली आणि दोन्ही तळहात मांडीखाली दाबून धरले. गुडघे उडत होते, कपाळावर घाम होता, पण चोविसावी फट सुटून बाहेरचा गोल पुरा होईपर्यंत हात बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाईंनी चक्राकडं पाहिलं. "लहान झालं गं."

"पहिलं मी नासवलं. हे दुसरं हाय."

"असू दे. तुझ्या हातचं हाय न्हवं?"

"न्हाई. हात मांडीखाली दाबले, तवा झालं."

 मुक्ताबाईंनी मेणबत्ती लावली.

वंदना झाली, ध्यान सुरू झालं. अक्काचे डोळे कधी उघडतात याची मी वाट पाहत होते. ते उघडले नाहीत. संजय मागच्या रांगेत बसला होता. सोमवारपासून दुकानाची किल्ली तिच्याकडं राहणार होती. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. मग माझी नजर खाली गेली. मांडीवर ठेवलेला तिचा उजवा हात हळूहळू उघडत होता, मिटत होता. अंगठा आणि दोन बोटं. कात्री चालवताना चालायची तशी.

मी तिच्या हातावर माझा हात ठेवला. तो थांबला. थोड्या वेळानं माझ्या तळव्याखाली पुन्हा चालू लागला.