चेंडू न बघणारे सर

सर मॅच बघत तेव्हा चेंडू कुठे आहे हे त्यांना कधीच माहीत नसायचं. अमेरिकन फुटबॉलची मॅच, स्टेडियममध्ये गर्दी ओरडतेय, कुणीतरी चेंडू घेऊन सुसाट पळतोय, आणि सर मात्र चेंडू जिथून केव्हाच निघून गेला तिथल्या एका धिप्पाड माणसाच्या पावलांकडे बघत बसलेले. मग रिमोटने मागे जायचं, पुन्हा तेवढेच दोन-चार सेकंद. पुन्हा मागे. शेजारी बसणाऱ्याचा जीव जाई. कोण जिंकलं असं विचारलं तर म्हणत, "ते पेपरात येईल. हा वळताना टाच उचलतो, ते पेपरात येणार नाही."

ऑस्ट्रेलियात, सिडनीजवळच्या वॉलॉंगॉंगला सरांच्या घराच्या मागच्या बाजूला एक सुटी खोली होती, तिथे मी भाड्याने राहत होतो. मी जवळच्या पोर्ट केम्ब्ला बंदरात इंजिनियर. सर पुण्याचे, फिजिओथेरपिस्ट. तरुणपणी कबड्डी खेळलेले, त्यामुळे समोरच्याच्या चेहऱ्याआधी पायांकडे बघायची सवय. सिडनीच्या पश्चिमेकडे रग्बी खेळणारी, पॅसिफिक बेटांवरून आलेल्या टोंगन, समोअन घरांतली मुलं त्यांच्या क्लिनिकमध्ये येत. त्यांतली काही पुढे अमेरिकेतल्या कॉलेजांत फुटबॉल खेळायला जात. मुलांना तिकडे नेणाऱ्या एका अमेरिकन एजंटला सरांच्या नजरेची किंमत कळली आणि तो त्यांना व्हिडिओ पाठवू लागला. कोण व्यावसायिक टीममध्ये टिकेल, कोण नाही, यावर सर रिपोर्ट लिहून देत.

त्यांचा सगळा जीव एका जागेवर. ऑफेन्सिव्ह टॅकल. मला त्यांनी सोप्या भाषेत समजावलं होतं. चेंडू फेकणारा माणूस पुढे बघत असतो, त्याच्या पाठीवर धावून येणाऱ्याला जो अडवतो तो टॅकल. त्याने चेंडूला हात लावायचा नाही, मागे मागे सरकत जायचं आणि धडक अंगावर घ्यायची. चांगलं खेळला तर त्याचं नावही कुणी घेत नाही. चुकला तर पाठीमागचा माणूस स्ट्रेचरवरून जातो. सर म्हणत, "उंची, वजन आईबापांकडून येतं. पाय मात्र ज्याचे त्यानेच कमवायचे."

कोरोना आला तेव्हा काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पुण्यात होत्या. त्यांच्या आईचं पडून खुब्याचं हाड मोडलं म्हणून घाईने गेल्या आणि तिकडेच अडकल्या. विमानं बंद, आई अंथरुणावर, त्यांना टाकून निघणार कशा? इथे सरांचं क्लिनिक बंद पडलं ते पडलंच. मूलबाळ नव्हतं. रोज दुपारी काकूंशी व्हिडिओ कॉल, आणि उरलेला दिवस ते व्हिडिओ. मी वर्क फ्रॉम होम करत भिंतीपलीकडून ऐकायचो. सर काकूंना फोन खाली ठेवून हॉलमध्ये चालून दाखवायला लावत, आणि गुडघ्याचा व्यायाम चुकवला म्हणून रागवत. काकू म्हणत, मला बघायला फोन करता की माझ्या पायांना?

अशात टेविटा आला. बावीस-तेवीस वर्षांचा, दारातून वाकून आत येणारा, बोलायला मात्र अतिशय हळू. अमेरिकेत कॉलेजकडून लेफ्ट टॅकल, म्हणजे डाव्या बाजूचा टॅकल, खेळत होता. कॅम्पस बंद झाला तेव्हा सिडनीला घरी परतला, मग सीझनच रद्द झाला. टीम्सना त्याचं आताचं खेळणं बघायचं होतं आणि बघायला इथे कुणी येऊ शकत नव्हतं. एजंटने सांगितलं की सरांनी व्हिडिओ करावा आणि रिपोर्ट लिहावा, ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक टीम्स वर्षातून एकदा नवे खेळाडू घेतात तेव्हा, निवड व्हायची ती त्याच्यावरच होईल. त्याची आई सिडनीत एका हॉस्पिटलमध्ये सफाईचं काम करायची. वडील नव्हते. घरातल्या सगळ्यांनी या एका मुलाच्या खांद्यावर आपापली स्वप्नं ठेवून दिली होती.

तलावाकाठच्या मैदानावर तालीम सुरू झाली. धावून येणारा प्रतिस्पर्धी मी. सोफ्याची उशी छातीला धरून मी त्या डोंगरावर धडका मारायच्या आणि मागे उडून पडायचं. टेविटा दर वेळी हात देऊन उठवायचा आणि सॉरी म्हणायचा. सर त्याला सांगत की मैदानावर सॉरी म्हणायचं नाही, तिथे तुझं काम फक्त जागेवर राहायचं. लांब हात, मऊ कंबर, डावा पाय मागे टाकताना जमिनीला अंदाज घेत टेकणारा. सरांचा चेहरा किती महिन्यांनी उजळलेला मी पाहिला. रात्री जेवताना म्हणाले, "असे पाय मी फार थोडे बघितलेत."

काही आठवड्यांनी एका सकाळी त्यांनी तालीम मध्येच थांबवली. पुन्हा कर म्हणाले, मग पुन्हा. मला काहीच वेगळं दिसत नव्हतं. त्यांनी टेविटाला गवतावर बसवलं, डावा गुडघा दोन्ही हातांत घेतला आणि केव्हापासून दुखतोय असं विचारलं. तो आधी नाही म्हणाला. मग मान खाली घालून सांगितलं. लॉकडाऊनमध्ये गॅरेजमध्ये एकट्याने वजनं उचलताना काहीतरी तुटल्यासारखं झालं होतं. आईला सांगितलं नव्हतं, एजंटलाही नाही. स्कॅन केला तर सरांच्या बोटांनी सांगितलं तेच निघालं. लिगामेंट अर्धवट फाटलेलं, कूर्चा झिजलेली. ऑपरेशन करायचं तर हा ड्राफ्ट गेलाच.

टेविटाने फार काही मागितलं नाही. रिपोर्टमध्ये गुडघ्याचा शब्द नको, एवढंच. निवड झाली की तिकडचे डॉक्टर बघून घेतील, एकदा आत तर जाऊ दे. तो प्लीज सर, प्लीज सर म्हणत राहिला. सर त्याच्याजवळ गवतावर बसले. म्हणाले, "पहिल्याच महिन्यात तू पडशील. आणि तू पडलास की तुझ्या मागे उभा असलेला माणूस पडेल. त्याचीही आई असेल."

सरांनी रिपोर्ट लिहिला. पायांचं, हातांचं, स्वभावाचं इतकं कौतुक त्यांनी कुणाचं लिहिलं नव्हतं. त्याखाली गुडघ्याचं वाक्य. एजंटने ते वाक्य काढायला सांगून पाहिलं. सर म्हणाले, मग खालचं माझं नावही काढा. नावाशिवाय त्या कागदाला किंमत नव्हती. रिपोर्ट तसाच गेला.

दोन दिवसांनी टेविटाची आई ट्रेनने सिडनीहून आली, एकटीच. ड्युटीचे कपडे अंगावर तसेच, तोंडाला मास्क. मी चहा ठेवला, त्यांनी कपाला हात लावला नाही. हॉस्पिटलात कोविडचे वॉर्ड पुसताना आपण फक्त एकच विचार करायचो, मुलगा तिकडे पोचला की सगळं सुटेल, असं काहीसं त्या बोलत होत्या. रिपोर्ट मागे घ्या, अजून वेळ आहे, असं त्यांनी पुन्हा पुन्हा विनवलं. सर नाही म्हणाले. मग त्या उभ्या राहिल्या आणि शांतपणे बोलल्या, "तुम्हाला मूल नाही, म्हणून तुम्ही हे लिहू शकलात."

सर उठले. त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेले, दोघांत बरंच अंतर ठेवून. परत आले ते सरळ खोलीत. त्या दिवशी पहिल्यांदा काकूंचा फोन त्यांनी घेतला नाही.

काकूंच्या आई जानेवारीतच गेल्या होत्या. काकूंना मोठ्या मुश्किलीने मे महिन्याचं तिकीट मिळालं होतं आणि सरांनी परसात त्यांच्यासाठी कढीपत्ता लावला होता. एप्रिलमध्ये पुण्यात दुसरी लाट आली. ड्राफ्ट सुरू झाला त्याच आठवड्यात काकूंना ताप चढला. टेविटाच्या घरी नातेवाईक टीव्हीसमोर जमून नाव पुकारलं जायची वाट बघत होते, आणि इथे सर एका फोनवर बेड शोधत होते, दुसऱ्यावर ऑक्सिजन. शेवटच्या फेरीपर्यंत टेविटाचं नाव आलं नाही. बेडही मिळाला नाही, मिळाला तो दोन दिवस उशिरा. त्यातच ऑस्ट्रेलियाने भारतातून येणारी विमानं बंद केली. काकूंचं तिकीट रद्द झाल्याचा मेसेज सरांनी मला वाचायला दिला. स्वतः वाचून त्यांचा विश्वास बसत नव्हता.

देश सोडायलाही तेव्हा परवानगी लागे. सरांनी अर्ज केला, मिळाली. गेलो तर परत केव्हा येता येईल सांगता येत नाही, असं मी म्हणून पाहिलं. ते बॅग भरत राहिले. मला गाडी चालवता येत नव्हती, आणि सर चालवायच्या अवस्थेत नव्हते. कुणाला सांगावं कळेना, म्हणून टेविटाला मेसेज केला. तो आला. सिडनीहून गाडी घेऊन आला, लंगडतच बॅगा उचलल्या, सरांना पुढच्या सीटवर बसवलं. रिकाम्या डिपार्चरमध्ये सर त्याच्यापुढे थांबले आणि एवढंच म्हणाले, "ऑपरेशन करून घे. थांबू नकोस."

विमान बदलायला दोहाला उतरल्यावर सरांना भाच्याचा मेसेज मिळाला. काकू गेल्या होत्या. जवळ कुणी नव्हतं. कुणाला आत सोडतच नव्हते.

सर परत आले नाहीत. सीमा उघडली तरी नाही. घर विकलं, सामान मी बांधलं. फोनवर थोडं बोलत, मॅचचा विषय काढला की पावसापाण्याच्या गप्पांकडे वळत.

टेविटाने ऑपरेशन केलं. दीड वर्ष राबला, आणि मग छोट्या लीगच्या एका कॅम्पसाठी त्याला पुन्हा रिपोर्ट हवा होता. दुसऱ्या कुणाचा नको म्हणाला. मी त्याचा व्हिडिओ पुण्याला पाठवला. आठवडाभर उत्तर नाही. मग सरांनी सांगितलं की टेविटाच्या घरी जाऊन बस, मी तिथे फोन करतो. मी गेलो. फोन स्पीकरवर होता. सरांनी कसलीही प्रस्तावना केली नाही. गुडघा बरा झालाय, चालायला, पळायला, लेकरांना खांद्यावर घ्यायला उत्तम आहे. टॅकल म्हणून मात्र संपलं, असं म्हणाले. "हे तुला कुणीतरी कागदावरून कळवावं असं मला वाटलं नाही."

टेविटा उठून बाहेर गेला. एवढा मोठा देह परसातल्या पायरीवर बसून हुंदके देत होता. फोन टेबलावर तसाच चालू. मी उचलणार, तेवढ्यात त्याच्या आईने उचलला. मला वाटलं, आता जुनं सगळं निघणार. त्यांनी विचारलं, "तुम्ही जेवता का वेळेवर? कोण करून घालतं?"

तेव्हापासून दर रविवारी चर्चहून आल्यावर त्या सरांना फोन करत. एका सफाई कामगार टोंगन बाईने आणि पुण्यातल्या एका विधुर फिजिओने काय बोलावं? मी कधी विचारलं नाही. टेविटा आता एका शाळेत मुलांना रग्बी शिकवतो.

मागच्या हिवाळ्यात सरांच्या भाच्याचा फोन आला. सर झोपेतच गेले होते. आमच्या ओळखीची मराठी मंडळी इथे बरीच आहेत, पण मी पहिला फोन टेविटाच्या आईला केला. त्यांनी विचारलं, जवळ कोण होतं?

भाचा होता, मी सांगितलं. बाजूच्याच खोलीत.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि मग रडल्या.