परत केलेला सत्कार

माझा मुलगा फौजेचं ट्रेनिंग अर्ध्यावर सोडून घरी आला, त्या दिवशी मी इतकी खूश होते की गॅसवर दूध ठेवून गाडीची किल्ली शोधायला लागले आणि दूध सगळं ऊतू गेलं. खरं तेच सांगते. घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं, नवऱ्याचं तोंड उतरलेलं, आणि मी मात्र मनातल्या मनात नाचत होते. माझं पोरगं येऊन राहिलं होतं बाप्पा! सात आठवडे त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

आधीचं थोडं सांगते. पोरगा लहानपणापासून धावायचा. किराणा आणायला पाठवला तर धावत जायचा, धावत यायचा, अंडी फोडून आणायचा. हुडको कॉलनीतल्या आमच्या गल्लीत जो तो म्हणायचा, "याले फौजेत टाका." ऐकून ऐकून मीच कंबर कसली. रोज पहाटे तो पुढे धावायचा आणि मी मागून स्कूटीवर, एका हातात मोबाईलचं घड्याळ लावून बोंबलत जायची, "उचल ना पाय! काल यापेक्षा जोरात होता!" फेरी संपली की तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचा आणि एकच विचारायचा, "आई, किती?" मी आकडा सांगायची. कमी असला तर हसायचा, जास्त असला तर पुन्हा धावायचा. दोन वर्षं आम्हा मायलेकांचं मुख्य बोलणं एवढंच होतं. त्याला धावायला आवडतं म्हणजे त्याला फौज आवडते, असं मी धरून चालले. त्याला विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

निवड झाली तेव्हा आमच्या मराठी मंडळानं त्याचा सत्कार केला. मंडळ म्हणजे आमच्यासारखी, स्टील प्लांटच्या नोकरीपायी विदर्भातून भिलाईत येऊन इथलीच झालेली घरं. सिविक सेंटरच्या बाजारापासून जवळच आमचा हॉल आहे. शाल, श्रीफळ, टाळ्या, फोटो, सगळं झालं. मी तर पहिल्या रांगेत बसून इतकी रडले की शेजारणीचा पदर ओला केला. त्या नारळाच्या वड्या करून मी त्याच्याच ट्रंकेत दिल्या.

पाचव्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"आई, माह्या पायाले जमून राहिलं. मले नाही जमून राहिलं."

"कोणी मारलं का तुले? जेवाले नाही भेटत का?"

"नाही वं. सगळे चांगले आहेत. मले नुसतं धावाले आवडते आई. बंदूक हाती आली का माहा जीवच लागत नाही. मी खोटं किती दिवस करू?"

मी भांडी घासत होते. हात तसेच राखेचे, फोन कानाला. मी म्हटलं, "मग ये ना घरी!" एवढंच सुचलं. तिथल्या साहेबांनी त्याला दोन-तीनदा विचार करायला लावला, आम्हालाही फोन करून विचारलं, मग सह्या झाल्या. सगळं रीतसर झालं.

नवरा रोलिंग मिलमध्ये आहे. त्यानं फोनवर साहेबांना हो म्हटलं खरं, पण फोन ठेवल्यावर म्हणाला, "भगोडा निंगाला पोट्टा."

माझ्या हातात लाटणं होतं. मी म्हटलं, "भगोडा अर्ज देते का हो? सांगून येऊन राहिला तो, सही करून! इतक्या वर्षांत तुमी एकदा तरी साहेबाले तोंडावर म्हटलं का, मले हे नाही जमत म्हणून?"

त्यानं डबा घेतला आणि ड्युटीवर गेला. त्यानंतर पोराचं नाव त्याच्या तोंडून निघालंच नाही.

दुर्ग स्टेशनवर मी एकटीच गेले. पोरानं आदल्या दिवशी सांगितलं होतं, "आई, येताना हेल्मेट आणजो. पूर्ण तोंडावालं." मला वाटलं, पाहा, फौजेत जाऊन शिस्त लागली पोराला! गाडीतून उतरला, बारीक केस कापलेले, कान बाहेर आलेले, काळाभोर झालेला. मी धावत जाऊन डोक्यावरून हात फिरवणार, तोच त्यानं माझ्या हातातून हेल्मेट घेतलं आणि तिथंच प्लॅटफॉर्मवर घातलं. ट्रंक खांद्यावर, डोक्यात हेल्मेट, असा जिना चढला. लोकं पाहून राहिले होते. घरी येताना म्हणाला, मागच्या गल्लीतून घे. ते हेल्मेट त्यानं काढलं ते थेट माझ्या स्वयंपाकघरात.

मी डाळीचे गोळे घालून गोळाभात केला होता. वरून फोडणीचं तेल घालून दिला. तीनदा वाढला, तीनदा खाल्ला. मी समोर बसून पाहत राहिले. काय सांगू, पोट भरलं माझं!

पण त्यानंतर तो दाराबाहेर पडेना. एक दिवस, दोन दिवस, अकरा दिवस. बेल वाजली की आतल्या खोलीत जायचा. पहाटे जाग यायची त्याला, मला कळायचं, पण जोडे ट्रंकेतच बांधलेले राहिले. बाप घरात आला की हा भिंतीकडे तोंड करून झोपायचा. आणि मी, गाणं गुणगुणत त्याच्यासाठी कधी कोथिंबिरीच्या सांभारवड्या तळ, कधी तांदळाचा चीला कर. एक दिवस तो भडकला.

"आई, बस कर ना! कावून नाटक करून राहिली? तुलेही वाईटच वाटून राहिलं, मले माहीत आहे."

"नाटक?" माझंही डोकं सटकलं. "अरे बैला, मी खूश आहो! खरंच खूश आहो! लाज वाटते मले सांगाले, पण तू गेला तेव्हा मी रोज तुह्या ताटात पोळी वाढून मग परत डब्यात ठेवत होती. आता तू खाऊन राहिला तर मी गाऊ नको का?"

तो खूप हळू म्हणाला, "सगळ्याईच्या समोर शाल घेतली ना मी. आता त्या लोकाईले कोणत्या तोंडानं दिसू?"

"शालच अडून राहिली ना तुही? मग नेऊन दे परत!"

मी रागात बोलले होते. कोणी सत्कार परत करतं का? पण तो उठला, कपाटातून शाल काढली, घडी घातली आणि म्हणाला, "चाल. आज रविवार आहे, बैठक असन." नवरा तेव्हा सेकंड शिफ्टला जायला जेवत होता. त्यानं मान वर केली नाही.

हेल्मेट घालूनच आला तो माझ्या मागे बसून. हॉलच्या दारात काढलं. आत पंधरा-वीस जण असतील, बाया हळदीकुंकवाचं ठरवत होत्या, पुरुष कॅरमवर. पोरगा मधोमध जाऊन उभा राहिला.

"मी ट्रेनिंग सोडलं," तो म्हणाला. "सुट्टीवर नाही आलो. मले जमलं नाही. ही शाल फौजीची आहे, मी फौजी नाही. घ्या परत."

कॅरमची सोंगटी कोणी मारली नाही. एका बाईनं "अगं माय" म्हटलं आणि तोंडावर हात ठेवला. माझ्या जिभेवर दहा गोष्टी आल्या होत्या, पण पहिल्यांदाच आयुष्यात मी तोंड दाबून बसले.

आमचे सेक्रेटरीकाका उठले. सगळी नोकरी प्लांटच्या स्टोअरमध्ये गेलेली, महा खडूस माणूस. त्यांनी शाल हातात घेतली, उलगडली, उजेडाकडे धरून पाहिली, पुन्हा घडी घातली. मग चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"अन् नारळ?"

पोरगा माझ्याकडे पाहायला लागला. मी म्हटलं, "काका, त्याच्या वड्या केल्या होत्या. यानंच खाल्ल्या तिकडं."

"ते मले नका सांगू. स्टोअरमधून गेलेला माल परत आला तर पुरा यावा लागते. अर्धा माल मी घेत नाही." त्यांनी शाल परत त्याच्या हातात दिली. "नारळ आण, मग दोन्ही जमा करतो. लवकर आण, मले दोन वाजता हॉल बंद कराचा आहे."

असा राग आला मला त्या म्हाताऱ्याचा! पोरगं काळीज काढून ठेवून राहिलं आणि हा नारळ मागून राहिला. पण पोराकडे पाहते तर त्याचा चेहराच बदललेला. अकरा दिवसांत कोणीतरी त्याला पहिल्यांदा काम सांगितलं होतं. ना बिचारा म्हटलं, ना समजावलं. त्यानं शाल माझ्या मांडीवर टाकली आणि दाराकडे वळला.

"अरे, गाडी ने! किल्ली घे!"

"नको."

आणि सुटला ना तो! चपला घालून, भर दुपारी, सिविक सेंटरच्या रस्त्यानं. मी दारात आले तोवर तो फाटकाबाहेर होता. हेल्मेट खुर्चीवरच राहिलं होतं. माझा हात सवयीनं मोबाईलकडे गेला, घड्याळ उघडलंही. अंगठा बटणावर होता. मग मी ते घड्याळ बंद करून फोन पदरात धरला आणि नुसती पाहत राहिले. तेच खांदे, तीच मान, तसाच जमिनीला न टेकल्यासारखा पाय. दोन वर्षं मी या पोराच्या मागे गाडी चालवली आणि आकड्यांपायी त्याला धावताना कधी पाहिलंच नव्हतं. काय सुंदर धावतो हो माझा पोरगा!

तो दिसेनासा झाला तरी मी दारातच उभी होते, तेव्हा फोन वाजला. नवऱ्याचा. ड्युटीवर जाताना सिविक सेंटरहून जातो तो.

"अवं, आपला पोट्टा कुठं जाऊन राहिला? आत्ता गेला माह्या बाजूनं, नारळ घेऊन! मी हॉर्न मारला तर हात केला त्यानं." मग म्हणाला, "तोंड उघडं होतं वं त्याचं. हेल्मेट नव्हतं."

"हाव," मी म्हटलं. तो म्हणाला, "पाणी दे त्याले," आणि फोन ठेवला.

पोरगा परत आला तेव्हा शर्ट अंगाला चिकटलेला होता. त्यानं नारळ काकांना दिला. काकांनी तो कानाशी धरून हलवला, आत पाणी आहे याची खात्री केली, शाल आणि नारळ कपाटात ठेवून कुलूप लावलं. "झालं जमा," म्हणाले, आणि कॅरमवर जाऊन बसले. सोंगटीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

पोरगा माझ्यासमोर आला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. धाप लागलेली. मान वर करून हसत म्हणाला,

"आई, किती?"

"नाही मोजलं रे," मी म्हटलं. "पाहून राहिली होती."