सरळ केलेला ताल

मी काय काम करतो, हे घरी अजून नीट सांगता आलेलं नाही. आई शेजारणीला सांगते, "कॉलेज करून मंडपवाल्याकडं स्पीकरचं काम करतंय पोरगं." मी तिला दुरुस्त करत नाही. मेटल, म्हणजे दणदणीत रॉक, वाजवणाऱ्या बँडची गाणी मी रेकॉर्ड करतो, मग लॅपटॉपवर त्यांचे आवाज नीट बसवतो, आणि बँडवाले मला प्रोड्युसर म्हणतात. नायगाव तालुक्यातल्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी बारावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला आलो, तेव्हापासून माझी सगळी ताकद एकाच गोष्टीत गेली. मला काही येत नाही, हे कुणाच्या लक्षात येऊ नये. पुढं जे झालं त्याचं कारण हेच असावं, असं मला वाटतं. पण कारण सापडलं म्हणून सुटका होते असं नाही.

ज्या रेकॉर्डवरून माझं थोडंफार नाव झालं, ती तीन गाण्यांची होती. बँड लातूरचा, चौघांचा. त्यातला गिटारवाला माझ्याच वर्गात होता. ड्रम वाजवू देईल अशी जागा नांदेडात मिळेना, तेव्हा त्यानं अर्धापूरला आपल्या मामाची केळी पिकवायची खोली मिळवली. माल गेलेला होता, खोली आठवडाभर रिकामी. भिंतींत जाड फोम भरलेला, दार फ्रिजच्या दारासारखं, फक्त माणूसभर उंच. ते लावलं की बाहेरचा ट्रॅक्टरही ऐकू येत नसे. आतल्या आत आवाज घुमू नये म्हणून आम्ही चारही भिंतींवर गोधड्या टांगल्या. गार हवेचं मशीन बंद ठेवावं लागे, त्यामुळं दहा मिनिटांत सगळे घामानं निथळायचे. भिंतींत मुरलेला पिकल्या केळ्यांचा वास डोक्यात बसायचा. तिसऱ्या दिवशी मामींनी केळ्यांची फणी पुढं केली तर गायक उठून बाहेरच गेला.

ड्रमर लातूरजवळच्या एका खेड्यातला. आयटीआय केलेला, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याचे वडील हलगी वाजवत, आजोबाही वाजवत. पहिल्याच दिवशी तो एकेक ड्रम उचलून बाहेर उन्हात मांडायला लागला.

"हे काय करून राहिलास?" मी विचारलं.

"तापवायलोय."

"आरं, प्लॅस्टिकचं कातडं हाय हे. उन्हानं उलटं ढिलं पडंल."

"म्हाईत हाय, इंजिनिअर. पण तापवल्याबिगर माझा हात चालत न्हाई."

हलगी जाळावर शेकल्याशिवाय कुणी वाजवत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी मी मान हलवून हसलो, जणू मी असलं काही कधी पाहिलंच नव्हतं.

मेटलचं रेकॉर्डिंग करताना वाजवणाऱ्याच्या कानात एक टिकटिक चालू ठेवतात. सगळी वाद्यं तिच्यावर बांधलेली असतात. ड्रमरनं हेडफोन लावला, दोन ओळी वाजवल्या आणि काढून ठेवला. "कानात सुतार बसवलास का रं?" तो म्हणाला. मग टिकटिक बारीक करून कसंबसं वाजवायला लागला. मी स्क्रीनवर बघत होतो. मधला कडक ड्रम प्रत्येक वेळी टिकटिकीच्या किंचित मागं पडत होता. कधी पुढं, कधी मागं असं नाही. दर वेळी तेवढाच मागं.

गिटारवाल्यानं ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "वरात निघाल्यासारखं वाटायलंय, लेका. मेटल हाय का हे?"

सगळे हसले. ड्रमरही हसला. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो आणि म्हणालो, "जरा गावठी येऊन राहिलंय खरं. पण मी करतो नीट. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

हॉस्टेलवर परत येऊन मी त्याचा प्रत्येक ठोका कापला आणि सरकवून टिकटिकीच्या रेघेवर आणून ठेवला. तीन गाण्यांत किती ठोके असतील, मी मोजले नाहीत. मग त्याच्या ड्रमच्या आवाजाच्या जागी विकत मिळतात तसले तयार आवाज बसवले. मोठ्या ड्रमचं एकच पेडल तो एका पायानं वाजवत असे. मधल्या मोकळ्या जागांत मी आणखी ठोके भरले, दोन पायांनी वाजवल्यासारखे. गाणं एकदम मोठं, परदेशी वाटायला लागलं. माझ्या अंगावर काटा आला. खरंच सांगतो, त्या वेळी मला लाज वाटली नाही, अभिमान वाटला. या धंद्यात सगळेच असं करतात, हेही खरं आहे. पण ते ड्रमरला सांगून करतात.

गाणी तयार झाल्यावर आम्ही पाचही जण लातूरला जमलो. ड्रमरनं पूर्ण गाणं मान खाली घालून ऐकलं.

"लई साफ झालंय," तो म्हणाला. मग माझ्याकडं बघून, "हे मीच वाजवलंय का?"

"तूच की. मी नुसता केर काढला."

गाणी इंटरनेटवर टाकली. अनोळखी माणसं लिहायला लागली, आणि बहुतेक सगळी ड्रमबद्दलच लिहायची. लातूरमध्ये असा ड्रमर कुठून आला, असं एकानं विचारलं होतं. हैदराबादच्या एका बँडनं मला गाणी पाठवली, आमचेही ड्रम असेच करून द्या म्हणून. मी लगेच हो म्हणालो. मग पुण्याच्या एका कॉलेजच्या महोत्सवात वाजवायचं आमंत्रण बँडला आलं, आणि तिथून सगळं बिघडलं.

गिटारवाल्याच्या वडिलांचे लातूरला क्लासेस आहेत. रविवारी दुपारी हॉल रिकामा असे, तिथं बँड सराव करायचा. फळ्यावर रसायनशास्त्राची समीकरणं तशीच असायची. आवाज कसा येतोय ते बघायला मीही गेलो होतो. ड्रमर वाजवत होता, पण गाणं उभं राहत नव्हतं. रेकॉर्डवर होते ते ठोके त्याच्या एका पायाला येणं शक्यच नव्हतं. तो घामाघूम झाला. गिटारवाल्यानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि फोनवर आमचंच गाणं लावलं.

"हे ऐक. हे तूच वाजवलंयस ना? मग आता का येईना? सराव सोडलास का?"

"रोज करायलोय."

"मग? पुण्यात तोंडावर पाडणार हायस आम्हाला?"

ड्रमरनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. पाहुण्याच्या घरी पाणी मागतात तसं, हलकं. "माझं मूळचं असंल ना तुझ्याकडं? खोलीत वाजवलेलं? तेवढं ह्यांना ऐकव."

माझ्या बॅगेतच हार्ड डिस्क होती. त्यात सगळं जसंच्या तसं होतं. एवढंच म्हणायचं होतं की हे ठोके याचे नाहीत, माझे आहेत. याला जे येतं ते वेगळं आहे. तेवढ्यानं त्याची बँडमधली जागा राहिली असती की नाही, कुणास ठाऊक. पण निदान तो खोटा ठरला नसता. मी म्हणालो, "लॅपटॉपवर जागा नव्हती रे. उडवलं ते."

त्यानं आपल्या दोन झांजा स्टँडवरून काढल्या, पोत्यात गुंडाळल्या, काड्या खिशात घातल्या आणि जिना उतरून गेला. त्याला जा असं कुणी म्हटलं नाही. थांब असंही कुणी म्हटलं नाही. खाली मोटारसायकल सुरू झाल्यावर गिटारवाला म्हणाला, "गेलं ते बरं झालं. दुसरा बघू."

मी गप्प का बसलो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. हैदराबादचं काम हातात होतं, हे एक. पण त्याहून जास्त, त्या हॉलमध्ये मी हुशार समजला जात होतो. आयुष्यात पहिल्यांदा काही न येणारा माणूस मी नव्हतो, दुसराच कुणी होता. ते मला सोडवेना. हे लिहिताना फार बरं वाटत नाही.

पोळ्याला मी गावी गेलो. आमच्याकडं बैल वेशीतून निघतात तेव्हा पुढं हलगीवाले असतात. मी बैलाचा कासरा धरून चालत होतो. बैल आपोआप त्या तालात पाय टाकत होता, मीही टाकत होतो. आणि चालता चालता माझ्या लक्षात आलं की हलगीचा मोठा ठोका किंचित मागं पडतोय. दर वेळी तेवढाच. पाय उचलायला तेवढीच जागा तो सोडत होता. तो ठोका सरळ रेघेवर आणला असता तर सगळी मिरवणूक अडखळली असती. हा ताल मी चालायला लागलो तेव्हापासून ऐकत होतो, आणि माझ्या स्क्रीनवर दिसला तेव्हा मी त्याला चूक म्हणालो होतो. घरी आल्यावर हलगीवाल्यांना नेहमीप्रमाणं गोठ्यापाशी वाढलं. आम्ही ओसरीवर बसलो. दर वर्षी असंच असतं. त्या वर्षी मी अर्धी पुरणपोळी ताटात ठेवून उठलो. आई म्हणाली, "पोटात दुखायलंय का रं?" मी हाव म्हणालो.

नांदेडला परत आल्यावर मूळचं रेकॉर्डिंग उघडून ऐकलं. ते चांगलं होतं. मी केलेल्यापेक्षा चांगलं होतं, एवढंच सांगतो. ते फोनमध्ये घेतलं आणि दुसऱ्या दिवशी लातूरची एसटी पकडली.

ड्रमर मोटार रिवायंडिंगच्या दुकानात लागला होता. त्या दिवशी त्याला सुट्टी होती, तो गावात घरीच भेटला. त्याचे वडील बाजेवर बसले होते. "ये लेकरा, बस," ते म्हणाले. तो म्हणाला, "ये, इंजिनिअर." एवढंच.

मी सगळं सांगितलं. जसं इथं लिहिलंय त्याहून जास्त अडखळत. डिलीट केलं नव्हतं, हेही सांगितलं. त्यानं हेडफोन घेतला आणि तिन्ही गाणी ऐकली. त्याची बोटं मांडीवर हलत होती. मग त्यानं हेडफोन वडिलांच्या कानाला लावला.

"कोण ह्यो?" वडिलांनी जरा वेळानं विचारलं.

"मीच की, आबा."

"हात बरा हाय." त्यांनी आणखी ऐकलं. "ह्या दुसऱ्यात शेवटाला घाई केलीस."

"केली खरी."

मला वाटलं, आता तो मोकळा होईल, निदान चार शिव्या देईल. तो म्हणाला, "बँडवाल्यांना ऐकवलंस?"

"नाही अजून."

"मग माझ्याकडं कशाला आणलंस? मी काय वाजवलंय ते मला म्हाईतच हाय की."

मी तिथंच बसून बँडच्या ग्रुपवर सगळं लिहिलं आणि मूळचं रेकॉर्डिंग टाकलं. पाचव्या मिनिटाला गिटारवाल्याचा फोन आला. मी स्पीकरवर ठेवला आणि ड्रमर इथंच बसलाय असं सांगितलं.

"आता सांगून काय करू, सांग," गिटारवाला म्हणाला. "नवा पोरगा घेतलाय. डबल पेडल मारतंय. पुणं झालं, सोलापूर ठरलंय." मग आवाज खाली करून, "भाऊ, तुझ्यावर उगंच ओरडलो त्या दिवशी. चुकलं माझं."

"असू दे," ड्रमर म्हणाला. मला खुणेनं फोन ठेवायला सांगितलं.

"मी दुसऱ्या बँडवाल्यांना तुझ्याबद्दल सांगू का?" मी विचारलं. "हैदराबादचे आहेत. हे मूळचं ऐकवतो त्यांना."

"नगं." तो उठून माठातलं पाणी प्यायला, मलाही तांब्या दिला. "एक काम कर. त्या गाण्यांवर ड्रमपुढं माझं नाव हाय ना? ते काढ."

"अरे, पण तू वाजवलंच आहेस ना..."

"ते मी वाजवलेलं न्हाई. लोक मला इचारतात, ते वाजवून दाव म्हणून. दुकानात येऊन इचारतात. काढ."

मी फोनवर ते पान उघडलं. रेंज कमी होती, गोल गोल फिरत राहिलं. त्याचे वडील आमच्याकडं बघत होते. नाव खोडलं, तर पान जतन होईना. ती जागा मोकळी ठेवता येत नव्हती.

"इथं काय लिहू?" मी विचारलं.

"ज्यानं केलंय त्याचं."

मी माझं नाव लिहिलं. त्यानं फोन हातात घेऊन बघितलं, परत दिला, आणि वडिलांसाठी चहा टाकायला आत गेला. मला थांब म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. चहा होईपर्यंत मी बसून राहिलो. तीन कप आले.

ते नाव अजून तिथं आहे. खाली अधूनमधून कुणीतरी नवीन येऊन ड्रमचं कौतुक करून जातं. मी प्रत्येकाला लिहितो की हे कुणी वाजवलेलं नाही. बहुतेकांना त्यात काही वावगं वाटत नाही. एकानं तर उलट विचारलं, आमचेही असेच करून द्याल का?