आप्पांची तिसरी घंटा

आप्पांच्या आरशापुढचा चहा साय धरून तसाच पडला होता. बारा वाजून पाच मिनिटं झालेली, प्रयोग साडेबाराचा. आप्पा म्हणजे आमच्या नाटकाचे हीरो, वय अडुसष्ट, आणि चहा थंड होऊ देतील असे मुळीच नाहीत. मी तेव्हाच घाबरले.

तशी मी रोजच घाबरते. एम.कॉम. करून मी पुण्यातल्या एका नाटक कंपनीत बॅकस्टेजला लागले. नाट्यगृहात नुसतं विंगेत उभं राहिलं तरी किस्से अंगावर येतात. मी जास्त दचकते, म्हणून माझ्याकडे जरा जास्तच साठलेत.

*

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. आप्पा स्टेजवर मरून पडलेले, सून हंबरडा फोडतेय, आणि नाट्यगृहातलं मांजर शांतपणे येऊन आप्पांच्या छातीवर बसलं. प्रेताच्या श्वासाबरोबर मांजर वरखाली, वरखाली!

प्रयोग संपल्यावर एक आजोबा मुद्दाम आत आले. म्हणाले, "मांजराने संयत काम केलं."

*

एकदा पहिल्या रांगेत फोन वाजला. गृहस्थांनी तो उचलून चक्क धायरीच्या फ्लॅटची बोलणी सुरू केली. आप्पा वाक्य अर्ध्यावर सोडून त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता मारामारी.

गृहस्थांनी फोनवर हात ठेवला. "आपण चालू द्या. मला ऐकू येतंय."

*

आप्पांचा एक नियम आहे. तोंडाला रंग लागला की तिसऱ्या घंटेपर्यंत ते कुणाशी बोलत नाहीत आणि कुणाचं ऐकतही नाहीत. जुन्या नटांचं असंच असतं, त्यामुळे मेकअप करून बसलेल्या माणसाला नाट्यगृहात कुणी हटकत नाही.

एकदा ते मिशी न लावताच निघाले. बोलायची सोय नाही, म्हणून मी चिठ्ठी पुढे केली. 'आप्पा, मिशी.'

त्यांनी खुणेने पेन मागून घेतलं, खाली 'शुभेच्छा' लिहून झोकात सही केली, आणि बिनमिशीचे स्टेजवर गेले.

*

तर तो चहा.

पहिली घंटा झाली, दुसरी झाली, आप्पांचा पत्ता नाही. बाहेर हाऊसफुल्लचा बोर्ड. आमचे दिग्दर्शक नीलेशदादा थंड आवाजात म्हणाले, "मीनल, आज आपलं नेहमीचं नाट्यगृह नाही, हे आप्पांना सांगितलं होतंस ना?"

सांगितलं होतं. गेल्या रविवारी, ग्रीन रूममध्ये. मेकअप होऊन ते तिसऱ्या घंटेची वाट बघत बसले होते तेव्हा. त्यांनी मानसुद्धा हलवली होती.

दादांनी तिसरी घंटा थांबवली आणि माझ्या हातात माइक दिला. पाच मिनिटांत आप्पा सापडले नाहीत, तर प्रयोग रद्द झाल्याचं पडद्यापुढे जाऊन मीच सांगायचं. पुण्याच्या प्रेक्षकांना! पडद्यापलीकडे लोक तालात टाळ्या वाजवायला लागले होते.

एकोणीस कॉल झाले. एका हातात माइक, दुसऱ्यात फोन. विसावा कॉल उचलला गेला.

"बरं झालं फोन केलास," आप्पा कुजबुजले. "अगं, आत्ता तिसरी घंटा झाली, पडदा उघडला, आणि माझी एन्ट्री दुसऱ्याच कुणीतरी घेतली. वाक्यंही भलतीच बोलतोय तो!"